पौषातल्या उन्हाची जागा

माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, अक्षरही कुणाला दाखवण्यासारखं नाही. हे मी माझ्यापुरतंच लिहिते आहे; तरी वही कुणाच्या हाती लागलीच, तर चुका मनावर घेऊ नयेत.

सोलापुरात तेव्हा आमच्या दोन खोल्या आणि मागं अंगण होतं. सासूबाईंना मी आत्या म्हणायचे. त्यांना दमा होता. सकाळी बंब पेटवला की धुरानं त्यांचा श्वास कोंडायचा, आणि थंडीत गार पाणी अंगावर घेतलं तरी तेच. पौषात त्या भिंतीला टेकून बसलेल्या असायच्या आणि मी काडेपेटी हातात धरून, पेटवू की नको, अशी उभी.

आमचे हे गिरणीत फिटर होते. कुठल्याशा मासिकात त्यांनी उन्हावर पाणी तापवायच्या पेटीचं चित्र पाहिलं आणि वैशाखात कामाला लागले. काळा रंग दिलेला पत्रा, त्याला जोडलेल्या नळ्या, वर काच. ही पेटी विटांच्या ओट्यावर दक्षिणेकडे तोंड करून तिरकी ठेवायची. शेजारी उंचावर पाण्याचं पिंप. पिंपाभोवती लाकडी खोका करून त्यात भुसा ठासायचा, म्हणजे दिवसाची ऊब सकाळपर्यंत टिकते. खर्चासाठी वैरागच्या मोठ्या जाऊबाईंकडून तीनशे रुपये उसने आणले.

जागा ठरवायला यांचे गिरणीतले एक मित्र आले. दोघांनी स्वयंपाकघराच्या दाराजवळची जागा धरली, कारण तिथं नळी कमी लागत होती. मी चहा घेऊन गेले. मार्गशीर्ष लागला की तिथं शेजारच्या माडीची सावली पडते, हे मला ठाऊक होतं. माझी मुलगी थंडीतली. तिला तेल लावून उन्हात घ्यायचं तर पाट उचलून पार हौदाच्या कडेला न्यावा लागायचा. पण परक्या माणसासमोर कसं बोलायचं? कपबशा उचलून मी आत आले.

दिवाळीपर्यंत पाणी छान तापलं. मार्गशीर्षात कोमट येऊ लागलं, पौषात गारच. पुन्हा बंब, पुन्हा धूर.

"पत्रा वाईट लागला," हे म्हणाले. "दुसरी पेटी जोडावी लागंल. वहिनीकडं आणिक शंभर मागतो."

मी भाकरी थापता थापता हळूच म्हटलं, "आत्या, पत्र्याचं काय न्हाय. तितं ऊनच येत न्हाय."

"मग त्याला सांग की."

"तुमीच सांगा."

"मला एक वाक्य बोलायला दोनदा थांबावं लागतंय, आन तू धडधाकट असून गप बसतीस व्हय?"

मी हात धुतले आणि बाहेर गेले. "अवो, सुट्टीच्या दिवशी दुपारभर हितं बसा," एवढंच म्हणाले.

रविवारी हे ओट्याजवळ बसले. सावली काही हलली नाही. पलीकडं हौदापाशी मात्र लख्ख ऊन होतं.

"तुला हे कवापास्नं ठावं हाय?"

"पोरगी झाली तवापास्नं."

"आन आता सांगतीस?"

"तुमचे मित्र बसले हुते."

हे हसले. "दोन कप चहा पिऊन गेला गडी. आता ओट्याच्या विटा त्यालाच वाहाय लावतो."

आणि खरंच, पुढच्या रविवारी मित्रांनी निम्म्या विटा हौदाकडं नेल्या. जादा नळीचे पैसे मी डब्यात साठवलेल्यातून दिले. चार दिवसांनी सकाळी पिंपाची तोटी सोडली तर पाण्याला वाफ होती. आत्यांची अंघोळ झाली आणि त्या शेजारणीशी न थांबता बोलत बसल्या. आभाळ आलं तरच बंब पेटायचा, तेव्हा आत्यांना मी पुढच्या खोलीत बसवायचे.

जळणाचे पैसे वाचू लागले. ते आम्ही थोडे थोडे करून वैरागला देत गेलो. दुसरी थंडी सरताना जाऊबाई स्वतःच आल्या.

"पानी तापतंय का खरंच, का नुसतं कौतुक?" त्यांनी विचारलं.

"अंघोळ करून बघ की," आत्या म्हणाल्या.

त्या न्हाऊन आल्यावर मी उरलेले वीस रुपये त्यांच्या हातात ठेवले. तीनशे पूर्ण फिटले.