ओटी भरली की हजेरी बंद

लोहाऱ्याच्या जिनिंगमध्ये मी हजेरीबाबू होतो तेव्हा हवेत इतका कापूस उडायचा, की सकाळी काळ्या मिशीनं आत गेलेला माणूस संध्याकाळी आजोबा होऊन बाहेर यायचा. माझ्या बायकोनं दोनदा मला सासरे समजून वाकून नमस्कार केला. खोटं वाटत असेल तर तिला विचारा. ती नाही म्हणेल, पण हसत म्हणेल.

तिथं आमची एक लाडकी रीत होती. रेच्यावर, म्हणजे सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रावर, काम करणाऱ्या कुण्या बाईला सातवा लागला की चहाच्या सुट्टीत कडुनिंबाखाली तिची ओटी भरायची. नारळ मी आणायचो, असा की फोडायला ट्रकचा जॅक लागावा. मुकादमीणबाई ओटी भरायची, बाया गाणी म्हणायच्या, मॅनेजरसाहेब पेढा द्यायचे. आणि संध्याकाळी मी हजेरीपुस्तकात तिच्या नावावर रेघ मारायचो. बाळंत होऊन परत आली तर जागा भरलेली. इतक्या गोडीनं निरोप दिल्यावर कुरकुर करणार कोण? मला तर वाटायचं, आपल्याइतका मायाळू कारखाना जिल्ह्यात नसेल.

कापसाची वाईट वर्षं होती ती. फाटकात गाड्या कमी यायच्या, आणि माणसं कमी करायला साहेबांना निमित्त हवंच असायचं.

मग एक दिवस एकीनं पदरच पसरला नाही. राळेगावकडची, सडपातळ, नवऱ्याला काम उरलं नव्हतं, घर तिच्या रोजावर चालायचं.

"पसर न वं माय, नारळ धरून हात दुखून राह्यला माहा," मुकादमीणबाई म्हणाली.

"पसरतो न मावशी. पण उद्या कामावर येईन."

"ओटी भरल्यावर कोणी येते काय?"

ती माझ्याकडे वळली. "बाबूजी, मागच्या साली तुमच्या बाईसाहेबायची ओटी भरलती न? मंग शाळेतून त्यायचं नाव कापलं काय?"

माझी बायको बाभुळगावच्या शाळेत शिक्षिका. ओटी भरली, पगारी रजा घेतली, आणि परत जाऊन आपल्याच खुर्चीवर बसली. त्या शाळेत पेढे मीच वाटले होते. ते पेढे आणि हे पेढे शेजारी ठेवून बघायचं मला कधी सुचलंच नव्हतं.

"शाळेचं वेगळं असतं," मी म्हणालो.

"पोट तर सारखंच रायते न, बाबूजी?"

मी घड्याळ पाहिलं; चहाची सुट्टी संपत आली होती. शेवटी तिनं पदर पसरला, ओटी घेतली. त्या संध्याकाळी माझ्या हातून रेघ ओढली गेली नाही.

घरी बायकोला सांगितलं. बाळाला थोपटत ती म्हणाली, "गर्भार आहे म्हणून काढताच येत नाही, कारखान्यालाही. रजा द्यावी लागते, जड काम सांगायचं नाही. तुमच्या ऑफिसात कायद्याची पाटी असेल की लावलेली."

होती. माझ्याच खुर्चीमागे. सहा वर्षं तिच्यावर मी छत्री टांगत आलो होतो.

सकाळी फाटकावर चौकीदारानं तिला अडवलं. "काल ओटी भरली, आज काहून आली वं?"

"कालचा पेढा पचला म्हून."

साहेब तरातरा माझ्याकडे आले. "हिचं नाव कापलं नाही?"

"पेनातली शाई गोठली, साहेब." हे यवतमाळच्या एप्रिलमध्ये, जिथं सावलीलाही घाम फुटतो. मग मी छत्री बाजूला केली आणि पाटी खिळ्यावरून काढून त्यांच्या हातात दिली.

ते बराच वेळ वाचत राहिले. "अरे, पण आपण तर चांगलंच करत होतो," ते हळूच म्हणाले.

"मलाही तसंच वाटायचं, साहेब."

"बसून कापसातला कचरा वेचू दे तिला," म्हणाले, आणि गेले.

मी तिची हजेरी लावली. मग मागची पानं उलटली. रेघांखालची नावं अजून वाचता येत होती. मुकादमीणबाईला बोलावून एकेक नाव वाचून दाखवलं. "मावशी, कुठं असतात या बाया आता?"

तिसऱ्या नावाला तिनं मला थांबवलं. "हे माही लेक हाय, बाबूजी. तिची ओटीबी मीच भरलती."

त्या नावावर बोट ठेवून मी विचारलं, "येईल का ती परत?"

"तिले विचारा न," ती म्हणाली. "तवा कोणीच विचारलं नोतं."