जादा टाकी

नीलकंठ पांढरीपांड्यांना गाळण्याचं वेड होतं. चहा ते दोनदा गाळत, पाण्याचा पेला उजेडाकडे धरून बघत, आणि कोणी गप्पा हाणू लागलं तर त्यातल्या निम्म्या मनातल्या मनात गाळून टाकत. जबलपूरच्या एका सरकारी कारखान्यानं त्यांना डिझेलचे फिल्टर साफ करायला ठेवलं होतं. सरकारच्या हातूनही कधीकधी योग्य माणसाला योग्य काम मिळून जातं, चुकून.

कारखान्यात एक जुनापुराणा विलायती ट्रॅक्टर होता. फौजेसाठी तयार झालेला तोफगोळ्यांचा माल ट्रॉल्यांवर लादून तो रेल्वेच्या सायडिंगपर्यंत ओढून न्यायचा. शालिग्राम नावाचा त्याचा ड्रायव्हर त्याला 'बुढिया' म्हणे. महिन्यातून एकदा बुढियाचा फिल्टर तुंबायचा, इंजिन दोन उचक्या देऊन बंद पडायचं. मग नीलकंठराव फिल्टर खोलायचे, त्याच्या खालची काचेची वाटी पुसायचे, पाइपातली हवा काढायचे आणि बुढिया खोकत खोकत पुन्हा चालू लागायची. बरीच वर्षं हे असं सुरळीत चाललं होतं.

एकाहत्तरच्या दिवाळीनंतर मात्र सगळं बिघडलं. लढाई आज होते की उद्या, असे दिवस. कारखाना तिन्ही पाळ्यांत धडधडत होता, आणि नेमका तेव्हाच फिल्टर आधी आठवड्याला आणि मग रोज तुंबायला लागला. वाटीत पाणी निघे. पाण्याखाली राख. एक दिवस तुळशीचं पान निघालं, दुसऱ्या दिवशी कुंकू लावलेले तांदूळ. डिझेलला नैवेद्य दाखवायची रीत नीलकंठरावांच्या तरी ऐकण्यात नव्हती.

फोरमन होते भय्यासाहेब. मराठ्यांच्या काळापासून इथे रुजलेलं घराणं, मिशी त्याच काळातली. त्यांनी वाटीत डोकावून पाहिलं आणि एकदम आवाज खाली आणला.

"पांढरीपांडे, हा घातपात आहे. शत्रूचा हात जबलपूरपर्यंत पोचला."

"पण साहेब, शत्रू अक्षता काहून टाकीन?"

"तेच तर! आपल्याच माणसांवर संशय यावा म्हणून. आठ दिवसांत मला माणूस पकडून द्या. नाही तर कचरा तुमच्या फिल्टरात सापडून राहिला म्हणून नाव तुमचंच लिहून वर पाठवीन."

ज्यानं घाण अडवली त्यालाच धरायचं! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच. पण त्या दिवसांत असं नाव वर गेलं की नोकरी तर जाईच, शिवाय माणूस आत जाई. नीलकंठराव खरोखर घाबरले. त्या दिवशी चहा त्यांनी तीनदा गाळला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते रिकाम्या पिंपांच्या आड दडून बसले. शेड रिकामी झाली आणि पहिला आला तो शालिग्रामच. त्यानं टाकीचं झाकण काढलं, खिशातून बाटली काढली आणि नर्मदेच्या ग्वारीघाटाचं पाणी डोळे मिटून आत सोडलं. तो गेला तसा एक टर्नर दर्ग्यातला ऊद घेऊन आला. मग हिशेबखात्यातले टायपिस्ट आले, त्यांच्या पुडीत अंगारा होता. प्रत्येकजण चोरासारखा इकडेतिकडे बघत येई आणि पुण्य करून पळून जाई. सगळ्यांच्या शेवटी भय्यासाहेब आले. त्यांनी शाईच्या दौतीतून आणलेलं तीर्थ टाकीत ओतलं आणि उरलेला थेंब मिशीला लावला.

नीलकंठरावांनी पिंपाआड कपाळावर हात मारून घेतला. चोर सापडला होता, पण सांगायचं कोणाला?

संध्याकाळी त्यांनी शालिग्रामला कोपऱ्यात घेतलं. तो जराही ओशाळला नाही. "भैया, सारा माल बुढियाही तो खींचती है. इसके पेट में मैया का जल गया, तो समझो हर गोले को लग गया."

तीन दिवस नीलकंठरावांनी विचार केला आणि चौथ्या दिवशी एक रिकामा डबा आणून बुढियाच्या मडगार्डवर झाळून टाकला. त्याला तांबडा रंग दिला, हात घालता येईल असं ऐसपैस तोंड ठेवलं आणि वर पांढऱ्या अक्षरांत 'जादा टाकी' असं लिहिलं. त्या डब्याला खाली पाइप नव्हता. इंजिनाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. पण सरकारी कारखान्यात रंग दिलेल्या आणि नाव लिहिलेल्या वस्तूला हे काय आहे असं विचारायची पद्धत नाही. खरी टाकी उंच होती, तिचं तोंड अरुंद होतं. ही हाताशी होती. दोन दिवसांत सगळे भाविक जादा टाकीकडे वळले. दर शनिवारी नीलकंठराव ती गुपचूप उपसत आणि कुंपणाजवळच्या पेरूला घालत.

फिल्टर आरशासारखा स्वच्छ राहू लागला. भय्यासाहेबांनी वर कळवलं की घातपाती टोळीचा कायमचा बंदोबस्त झाला आहे. त्यांना शाबासकीचं पत्रही आलं.

मग डिसेंबरच्या तीन तारखेला लढाईला तोंड लागलं.

नीलकंठरावांच्या बायकोचा, कुंदाताईंचा, धाकटा भाऊ विष्णू फौजेत होता. आई गेल्यावर कुंदाताईंनीच त्याला वाढवलेला. दिवाळीनंतर त्याचं पत्र नव्हतं. कुंदाताई रडल्या नाहीत. फक्त पोस्टमनची वेळ झाली की दारात जाऊन उभ्या राहत आणि तो पुढे गेला की आत येऊन उगाच भांडी घासत. एका सकाळी त्यांनी नवऱ्याच्या डब्याशेजारी औषधाची एक बाटली ठेवली. पायी ग्वारीघाटाला जाऊन त्या पाणी घेऊन आल्या होत्या.

"अहो, हे तुमच्या त्या ट्रॅक्टरात टाकता का? क्वार्टरांच्या लाइनीतल्या साऱ्या बायांनी पाठवलं म्हणतात. मीच एक राहून गेली."

"कुंदा, त्यानं काय होते?"

"काही होत नाही तर टाकाले काय जाते तुमचं?"

जेवणाच्या सुट्टीत नीलकंठराव जादा टाकीपुढे उभे राहिले. झाकण उघडलं. इथे ओतलं की शनिवारी पेरूला. कोणाला कळणार नव्हतं, कुंदाताईंना तर नाहीच. पण हात पुढे होईना. सगळ्या कारखान्याला फसवताना त्यांना काही वाटलं नव्हतं. या एका बाईला मात्र फसवायचं नव्हतं. त्यांनी झाकण लावलं, बुढियावर चढले आणि वीस वर्षं जिच्यात आपल्या हातून धुळीचा कण जाऊ दिला नव्हता त्या खऱ्या टाकीत बाटली पालथी केली.

बुढिया फाटकाजवळ बंद पडली. मागे सहा ट्रॉल्या, सायडिंगला गाडी उभी. भय्यासाहेब धावत आले.

"कोणी टाकलं?"

"मी."

भय्यासाहेब काही तरी बोलणार होते. त्यांनी नीलकंठरावांच्या तोंडाकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "कोणासाठी?"

"मेहुणा आहे. पत्र नाही आलं."

भय्यासाहेबांनी कोट काढला आणि स्वतःच पहिल्या ट्रॉलीला खांदा लावला. मग शेडमधले सगळेच लागले. माल वेळेवर गाडीत चढला. दुसऱ्या दिवशी नीलकंठरावांना लेखी ताकीद मिळाली, तीही रीतसर भय्यासाहेबांच्याच सहीची.

विष्णूचं पत्र आलं ते लढाई संपल्यावर, डिसेंबरच्या शेवटी. कुंदाताईंनी ते नवऱ्याच्या हातात दिलं. नीलकंठराव मोठ्यानं वाचू लागले. विष्णू खुशाल होता. त्यानं लिहिलं होतं, 'आमचा ट्रक ऐन वेळी बंद पडला. डिझेलात पाणी होतं, फिल्टर तुंबला. दोन तास मागे राहून गेलो. आमच्या पुढचे दोन ट्रक सुरुंगावर गेले. त्यातलं कोणी राहिलं नाही.'

"माहा विष्णू वाचला!" कुंदाताई हसतही होत्या, रडतही होत्या. "तुम्ही टाकलं म्हणून वाचला!" त्यांनी तेव्हाच पेढे मागवले आणि लाइनीतल्या प्रत्येक दारी स्वतः जाऊन वाटले.

नीलकंठरावांनाही आनंद झाला, का होणार नाही? त्यांनी पेढा हातात घेतला आणि पत्र पुन्हा एकदा वाचलं. मग पेढा तसाच ताटलीत ठेवून दिला. त्या पुढच्या दोन ट्रकांचे फिल्टर कोणीतरी अगदी नीट साफ केले होते.