सोयरिकीआधीची चौकशी

वर्ध्याच्या बाल न्याय मंडळात मी आयुष्यभर कारकुनी केली. अल्पवयीन मुलांच्या केसेसचे कागद माझ्या ताब्यात असत. ते कुणाला दाखवायचे नाहीत, असा कायदा. पण आमच्याकडे सोयरीक जुळवताना मुलाची गावभर चौकशी करतात, आणि गाव संपलं की लोक माझ्याकडे यायचे. किती डोकं खायचे, बापा! कागद दाखवू नको, फक्त हाव की नाई तेवढं सांग, म्हणायचे. मी 'नाई'सुद्धा सांगत नसे. आज एकासाठी 'नाई' म्हटलं, की उद्या दुसऱ्यासाठी गप्प बसणं म्हणजे 'हाव'च झालं ना.

एकदा माझे मामाच आले. लहानपणी मला सायकलच्या दांडीवर बसवून गिरडच्या टेकडीकडे नेणारे मामा. आता ते नाहीत. ती सायकल आठवली की आजही भरून येतं. त्यांनी गोरसपाक बिस्किटांचा पुडा टेबलावर ठेवला, खुर्ची ओढली. त्यांच्या धाकटीचं वडनेरच्या एका मुलाशी जुळत होतं. तिला तो मनापासून आवडला होता. पण लहानपणी त्याच्यावर केस झाली होती, अशी कुजबुज मामांच्या कानावर आलेली. खरं निघालं तर ते लग्न मोडणार होते. घरचीच भाची तिथं बसलीय, ती सांगणारच, असं त्यांनी धरूनच ठेवलं होतं.

मी सांगणार नाही म्हटलं. मामा आधी रुसले, मग चिडले. कडेवर खेळवलेली पोर परक्यासारखी वागते, हे त्यांच्या जिव्हारी लागलं. मलाही रडू येत होतं, आणि रागही. त्या मुलाचा कागद होता की नव्हता, हे तुम्हीही विचारू नका. गावांची नावंसुद्धा मी मुद्दाम इकडची तिकडं केली आहेत.

शेवटी मी दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "मामा, तुमच्या थोरल्याची सोयरीक होती, तवा तळेगावचे पाव्हणे याच खुर्चीवर बसून गेलते. त्याईले बी मी हेच सांगतलं."

मामांचा चेहरा उतरला. थोरला सोळा वर्षांचा असताना, दुपट्ट्यानं त्याचं तोंड झाकून, त्यांनीच त्याला आमच्या मंडळापुढं आणलं होतं. त्याच तळेगावच्या सुनेच्या हातचं जेवून ते आज घरून निघाले होते.

 ते उठले, पुडा माझ्याकडे सरकवला.

"लग्नाले चार दिवस आधी येजो," म्हणाले.