बांधावरच्या फणसाचा पाला

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी आयसोपॉड पाळले होते. ओलसर दगड उलटला की सैरावैरा पळणारे, बोट लागलं की गोळी होणारे राखाडी जीव. कॉलेजच्या प्रयोगशाळेचा पत्रा तापायचा, डबे सुकायचे, म्हणून ते पावस गावी आमच्या घरी पडवीत आणून ठेवले. आई गेल्यावर घरात मी आणि बाबा दोघंच. बाबा दुसऱ्यांच्या आंब्याच्या बागा राखायचे.

काही डब्यांत मी नुसता आंब्याचा पाला घालायचे. बाकीच्यांत फणसाचा कुजत आलेला पाला, अंड्याची टरफलं आणि चिमूटभर सुकटीची पूड. आंब्याच्या पाल्यावरचे जगत होते, एवढंच. कात टाकताना अडकून मरायचे आणि उरलेले त्यांना खायचे. सुकटवाल्या डब्यांत मात्र माद्यांच्या पोटाखालच्या पिशव्या फुगल्या, आणि एका सकाळी पानांच्या शिरांवर रव्याच्या कणांएवढी पांढरी पिल्लं दिसली. मी बाबांना हाक मारली. चष्मा लावून ते कितीतरी वेळ वाकून बघत राहिले.

"सुकट खाऊन वाढतात होय? मग ही आपल्यातलीच गो!"

आई गेल्यानंतर ते असे हसलेले मी पाहिले नव्हते.

मोहोराच्या दिवसांत प्रात्यक्षिक परीक्षेसाठी मला रत्नागिरीत मैत्रिणीकडे राहावं लागलं.

"तू जा. पाला मी घालतो," बाबा म्हणाले.

परत येऊन झाकण काढलं तर नाकात कुबट वास शिरला. सगळे उताणे, पाय आखडलेले. पिल्लं पानांना चिकटून वाळली होती. सुकटीचा प्रत्येक डबा तसाच. जुन्या, साठवलेल्या आंब्याच्या पाल्यावरचे तेवढे जिवंत होते.

"पाला कुठून आणलात?"

"बागेतला. बांधावरच्या फणसाखालचा, चांगला कुजलेला बघून..." ते थांबले. त्याच बागेत त्यांनी स्वतः मोहोरावर औषध मारलं होतं. "फणसावर नव्हतं मारलं गो. वारा होता पण."

ते मोरीवर गेले आणि हात धूत राहिले. "असू दे," मी म्हणाले. माझा आवाज मलाच खोटा वाटला.

प्रकल्पाच्या सरांनी पुन्हा सुरुवात करायला सांगितलं. नवी वसाहत उभी राहायला महिने लागतात, तेवढे उरले नव्हते. उरलेल्या डब्यांवरच मी प्रकल्प लिहिला: समाधानकारक वाढ आढळली नाही. पुढे पीएच.डी.साठी कोणी विचारलं नाही, मीही गेले नाही.

मी परत आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी बाबांनी फवारणीचा पंप पाठीला लावला. न जाऊन भागणार नव्हतं. संध्याकाळी आले ते न जेवताच आडवे झाले. मग रोज ताटात निम्मं उरायला लागलं. "भूक नाय," एवढंच बोलायचे. डॉक्टरांना काही सापडलं नाही. गालफडं बसली, सदरा खांद्यांवरून लोंबायला लागला. मी बांगडा तळून वाढायचे, आणि ते माझ्याकडे न बघता, पडवीतल्या रिकाम्या डब्यांकडे बघत तुकडा ताटाच्या कडेला सारायचे.