दत्तूभाऊंचा कान

मी वर गेलो होतो तो भांडायलाच. रविवारची दुपार, दहावीच्या पेपरांचा गठ्ठा पुढ्यात, आणि वरच्या मजल्यावर मोटारसायकलींचा असा कल्ला की सिल्वासाच्या आमली भागातल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवरच कुणी शर्यत लावलीय असं वाटावं. आम्ही चिपळूणची माणसं सहन करतो, नाही असं नाही, पण त्यालाही काही मर्यादा असते. जिना तणतणत चढलो.

दार दत्तूभाऊंनीच उघडलं. "टीव्ही बारीक करता, की मीच सिल्वासा सोडून जाऊ?" मी विचारलं.

ते माझ्या तोंडाकडे एकटक बघत राहिले आणि हसून म्हणाले, "या ना मास्तर, चहा टाकायला सांगतो."

माझा राग तिथल्या तिथे उतरला. माणूस माझे ओठ वाचत होता, आणि तेही त्याला धड जमत नव्हतं.

दत्तात्रय सैंदाणे मूळचे अमळनेरचे. सूत बनवणाऱ्या कारखान्यात तीस वर्षं फिटर. त्यांचं नाव होतं ते कानामुळे. एखाद्या मशीनची शंका आली की ते आपल्या लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मशीनच्या अंगाला टेकवायचे, मूठ कानामागच्या हाडाला लावायचे आणि डोळे मिटायचे. मग सांगायचे, "हे बेअरिंग आठवडा काढेल, ते मात्र उद्याच जाईल." आणि ते उद्याच जायचं! दोन वर्षांपूर्वी मशीनवर सेन्सर बसले आणि दत्तूभाऊंना स्टोअरमध्ये बसवलं. तेव्हापासून तो स्क्रू-ड्रायव्हर मशीनला लागला नाही, पण खिशातून हलला नाही. "लोक खिशाला पेन लावतात, आमच्या ह्यांचं हे असं," मालतीवहिनी चहा देताना म्हणाल्या. त्या आत गेल्यावर दत्तूभाऊंनी मला खरं ते सांगितलं. इतक्या हळू आवाजात, की मला खुर्ची पुढे ओढावी लागली.

"कारखान्यातल्या तपासणीत निघालं. दोन्ही कान चाललेत. मशीनवाल्यांचं असंच होतं, मास्तर. नसा मरतात, परत येत नाहीत."

"डॉक्टरला दाखवलंत?" मी जवळजवळ ओरडलोच.

"जे मेलं ते काय दाखवायचं? हिला अजून सांगितलं नाही. नातीचा फोन आला की मी बाथरूममध्ये जाऊन बसतो." मग ते म्हणाले, "एकच इच्छा आहे. पोरवयात मी मोटारसायकलच्या गॅरेजात होतो. कान पुरता जायच्या आत ह्या रेसच्या गाड्या एकदा ऐकायच्यात. टीव्हीवर नाही. समोर."

मी ही गोष्ट कल्पेशला सांगितली, हीच माझी घोडचूक. कल्पेशचं आमच्या बिल्डिंगखाली मोटारसायकलच्या स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे आणि त्याला कशालाही नाही म्हणता येत नाही. पंधरा दिवसांत त्याने मलेशियातल्या सेपांगच्या शर्यतीची तिघांची तिकिटं माझ्यासमोर आपटली. "व्हिसाची झंझट नाय, मास्तर. शुक्रवारी निघवानुं, सोमवारी तुम्ही शाळेत हजर. चालो ने!"

मला शर्यतीतलं ओ की ठो कळत नाही. पण दत्तूभाऊंचा चेहरा बघून मी पासपोर्ट शोधायला घेतला. तिथे पाऊस असतो म्हणून आमच्या आबांची लांब दांड्याची छत्री तेवढी घेतली. त्यावर कल्पेश मुंबईच्या विमानतळापर्यंत हसत होता.

विमानतळावर माझी छत्री सुटली आणि दत्तूभाऊ अडकले. बॅग नाही, काही नाही, खिशातला स्क्रू-ड्रायव्हर! तीस वर्षांची सवय; माणूस परदेशी निघताना शर्ट बदलतो आणि स्क्रू-ड्रायव्हर नव्या खिशात लावतो. तपासणीवाल्याने तो उचलून विचारलं, "ये क्या है?" दत्तूभाऊंना ऐकू गेलं नाही, पण कळलं. "मेरा कान है, साहब," ते म्हणाले. त्या भल्या माणसाने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि तो ट्रेमध्ये टाकला. नियम तो नियम. मला त्याचाही राग आला आणि दत्तूभाऊंचा तर त्याहून जास्त. इतकी वर्षं मशीन सांभाळणाऱ्या माणसाला एवढं कळू नये? पुढे विमानात ते रिकाम्या खिशाला सारखा हात लावत होते, तेव्हा मात्र मला भरून आलं.

शनिवारी सराव होता. आम्ही अगदी पहिल्या वळणासमोर बसलो. पहिली गाडी गेली आणि माझ्या छातीत धडकीच भरली. कल्पेशने कानात बोळे कोंबले. आजूबाजूच्या सगळ्यांनीच कोंबले होते. दत्तूभाऊ उघड्या कानांनी पुढे वाकून बसले होते, तोंड किंचित उघडं. वीस-पंचवीस गाड्या गेल्या. मग ते मागे टेकले.

"काय?" मी खुणेने विचारलं.

"गोधडीतून ऐकल्यासारखं येतं," ते म्हणाले. "उशीर केला मी, मास्तर." आणि त्यांनी टोपी डोळ्यांवर ओढली. संध्याकाळी कल्पेशने थेपले काढले, विनोद केले, कुणी हसलं नाही.

रविवारी शर्यतीला वेळ होता म्हणून कल्पेशने आम्हाला बाहेरच्या मैदानात नेलं. तिथे लोखंडी मंचावर एक जुनी शर्यतीची गाडी स्टँडला घट्ट बांधून ठेवली होती आणि एक मेकॅनिक ती चालू करून दाखवत होता. मंचाला लागूनच लोखंडी कठडा. गाडी चालू झाली तसा कठडा माझ्या हाताखाली थरथरायला लागला. दत्तूभाऊंनीही कठड्यावर हात ठेवला होता. त्यांचा दुसरा हात आपोआप खिशाकडे गेला. खिसा रिकामा!

मग त्यांनी न विचारता माझ्या काखेतली छत्री ओढली.

टोक कठड्यावर, मूठ कानामागे, डोळे मिटलेले. लोक बघायला लागले. मला लाज वाटून मी "अहो, अहो" करत होतो. मेकॅनिकने इंजिन चढवलं, उतरवलं, पुन्हा चढवलं. दत्तूभाऊंनी मूठ काढली, नुसत्या कानाने ऐकलं, पुन्हा लावली. डाव्या बाजूला, उजव्या बाजूला. हे असं पाच-सहा वेळा. मग ते माझ्याकडे वळले. डोळ्यांतून घळाघळा पाणी आणि तोंडात थेट घरची अहिराणी.

"मास्तर! मना कान मरेल नई शे!"

मला काही समजेना. त्यांनी माझा दंड धरला. "कान मेलेला नाही! हाडातून सगळं येतं. चेनचा आवाज वेगळा येतो, व्हॉल्व्हचा वेगळा. नस मेली असती तर हेही आलं नसतं. मोटर चांगली आहे हो, मधला जोड, कपलिंग अडकलंय! आणि कपलिंग..."

"बदलता येतं!" कल्पेश ओरडला. मला एवढा आनंद झाला की मी, शाळेचा मास्तर, भर मैदानात नाचलो. दुपारची शर्यत दत्तूभाऊंनी प्रेक्षकांच्या स्टँडच्या खांबाला छत्री लावूनच ऐकली. कोण जिंकलं ते आम्हा तिघांपैकी एकालाही सांगता येणार नाही.

परतल्यावर मी त्यांना कान धरूनच वापीला डॉक्टरकडे नेलं म्हणा ना. मालतीवहिनीही बरोबर होत्या, कारण आता त्यांना सांगावंच लागलं होतं, आणि वाटभर त्या बाथरूमवरून बोलत होत्या. डॉक्टरीण बाईंनी एक नादकाटा वाजवून आधी कानासमोर धरला, मग कानामागच्या हाडाला लावला. दत्तूभाऊ हसायलाच लागले.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"हे मी छत्रीने केलंय," ते म्हणाले.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं, मग मशीनवरही तपासलं. "तुम्ही बोलता हळू, तेव्हाच मला शंका आली होती. नस गेलेला माणूस बहुधा मोठ्याने बोलतो. तुमच्या कानातलं एक छोटं हाड आखडलंय. ऑपरेशनने बराच फरक पडेल. पूर्ण पहिल्यासारखं होईलच असं मी सांगत नाही." दत्तूभाऊंना बराच फरक पुरेसा होता.

डाव्या कानाचं ऑपरेशन जानेवारीत झालं. मार्चमधला एक रविवार. दहावीच्या पेपरांचा गठ्ठा पुढ्यात, वरचा टीव्ही इतका बारीक की मला उगीच चुकल्याचुकल्यासारखं वाटत होतं. तेवढ्यात दार वाजलं. दत्तूभाऊ उभे. खिशात कल्पेशने दिलेला नवाकोरा स्क्रू-ड्रायव्हर, कपाळावर आठ्या.

"काय झालं?" मी मुद्दाम तोंड फिरवून, ओठ दिसू न देता विचारलं.

"नातीशी फोनवर बोलतोय तासाभरापासून," ते म्हणाले, "आणि खालून सारखी कुरकुर येते. मास्तर, तुमच्या पंख्याचं बेअरिंग गेलंय. तो बंद करता, की मीच सिल्वासा सोडून जाऊ?"