कामाला गेलेला सलीम मिस्त्री

नंदुरबारात बैलगाडीची चाकं घडवणारा सलीम मिस्त्री १९४६ साली कराचीला गेला, तेव्हा कुठलाच परवाना लागला नाही. देश एकच होता. थोरला भाऊ निजाम तिथल्या बंदरावर सुतार होता. बोटींच्या दुरुस्तीला माणसं कमी पडतायत, असं त्यानं कळवलं. बायको रशिदा आणि म्हातारी आई घरी ठेवून सलीम गेला. दोन वर्षं काम करून परतायचं, असं ठरलं होतं.

मध्येच सरहद्द आली. आधी दंगली, मग खच्चून भरलेल्या बोटी. निघायला जमलं तोवर परवान्याची पद्धत सुरू झाली होती. १९४८च्या दिवाळीनंतर तो मुंबईच्या धक्क्यावर उतरला, तो महिन्याभराचा तात्पुरता परवाना घेऊन.

“परत कधी जाणार?” अंमलदारानं विचारलं.

“परतच आलोय, साहेब.”

अंमलदार हसला नाही.

घरी पोलीस जमादार येऊ लागला. ओट्यावर बसायचा, पाणी प्यायचा, तारखेची आठवण देऊन जायचा. ते बघून गिऱ्हाईकं चाकं आणेनाशी झाली. मुदतवाढ मागितली, ती नाकारली गेली. शेवटी सलीमचा धीर सुटला.

“तू नि अम्मा चला मन्हासंगे,” तो रशिदाला म्हणाला. “निजामभाई सोय करी दी.”

रशिदा भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. “तुमले जानं व्हई तं जा. मी आठेच ऱ्हासू.”

तिसऱ्या दिवशी तिनं स्वतःच धुळ्याच्या मोटारीची चौकशी केली. म्हातारीला शेजारच्या वत्सलाबाईंच्या हवाली करून दोघं कायम राहण्याचा परवाना मागायला तिथल्या जिल्हा कचेरीत गेली.

धुळ्यात गाठलेल्या वकिलानं सलीमला बजावलं होतं: तिकडे कोणी आहे, असं म्हणू नकोस. अर्ज तपासणाऱ्या साहेबांनी नेमकं तेच विचारलं.

“कराचीत तुझं कोण आहे?”

“सख्खा भाऊ आहे, साहेब.”

वकिलानं कपाळाला हात लावला. साहेबांनी लेखणी खाली ठेवली. “म्हणजे कुटुंब तिकडे. तू स्थलांतर केलंस.”

“तो तठे कामले गयथा, साहेब!” दाराशी उभी असलेली रशिदा एकदम बोलली. “ऱ्हावाले नही. मी आठे, त्यानी माय आठे. ऱ्हावाले जाता तं आमले नही लई जाता?”

शिपाई तिला बाहेर काढायला पुढे झाला. साहेबांनी हातानं त्याला थांबवलं, मग दोघांनाही बाहेर बसायला सांगितलं. कचेरी बंद व्हायच्या वेळी निरोप आला: वर शिफारस करतो, हुकूम येईपर्यंत गाव सोडायचं नाही.

ते महिने वाईट गेले. सलीमची पेटी दाराशी बांधून तयार असे. जमादाराच्या बुटांचा आवाज आला की आई रडू लागायची. उन्हाळा संपता संपता कायम राहण्याचा परवाना आला. नोव्हेंबरात नव्या राज्यघटनेतली नागरिकत्वाची कलमं लागू झाली आणि सलीम या देशाचा नागरिक झाला.

त्याच हिवाळ्यात कराचीहून निजाम अंथरुणाला खिळल्याची तार आली. जायचं तर पुन्हा परवाना. आणि गेलो तर परत येऊ देतील?

रशिदा म्हणाली, “जावानं व्हई तं जा. आते मी आडवाव नही.”

सलीम रात्रभर जागा होता. सकाळी त्यानं तारेनं उत्तर पाठवलं, येता येत नाही म्हणून, आणि आईला काय सांगायचं ते ठरवत घराकडे निघाला.