एक पाय मागे

माणूस पालथा पडला की खरं बोलतो. आमच्या टेबलाला तोंडासाठी एक भोक असतं. त्यात चेहरा घातला की समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, मग सगळं बाहेर येतं. पेंडल हिलला स्टेशनजवळ माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. किस्से वर्षभर येतात, पण जून-जुलैत, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, नुसता ढीग! कारण आपल्या मंडळींना लागलेला गोल्फचा नाद, आणि वर "ऑस्ट्रेलियात कसली आलीये थंडी!" हा गैरसमज. शनिवारी उजाडताना ब्लॅकटाउनकडच्या मैदानावर येऊन बघा म्हणावं. गोठलेल्या दवाने गवत पांढरं असतं.

माझी पक्की गिऱ्हाइकं तीन. सतीश, हाडांचा सर्जन. मेल्विन, मूळचा वसईचा, बँकेत आहे. आणि प्रभाकरकाका, पोर्ट केंब्लाच्या स्टीलवर्क्समधून रिटायर झालेले इंजिनिअर. नावं बदलली आहेत. उपयोग शून्य, तिघंही ओळखतील!

*

सतीश गाडीच्या गरम सीटवरून उतरला, हात चोळले आणि थेट पहिला फटका मारला. पूर्ण ताकदीने. बॉल कुठे गेला ते त्याला दिसलंच नाही, कारण पाठीत उसण भरली होती.

क्लिनिकमध्ये मागच्या दाराने आला. "माझ्या पेशंट्सना कळता कामा नये हं!"

मी विचारलं, "पेशंट्सना तू काय सांगतोस?"

भोकातून आवाज आला, "दहा मिनिटं वॉर्म-अप करा. आधी हळू स्विंग, मग जोरात."

"मग तू का नाही केलास?"

"मी पेशंट थोडाच होतो तेव्हा!"

*

मेल्विन त्यातल्या त्यात आज्ञाधारक. मी म्हटलं होतं, "पाठ गरम ठेव." म्हणजे पातळ कपड्यांचे दोन-तीन थर घाल, बाकी काही नाही. पठ्ठ्याने गरम पाण्याची रबरी पिशवी बायकोच्या स्कार्फने कमरेला बांधली, वरून जॅकेट घातलं आणि गेला खेळायला.

पहिला स्विंग बरा झाला. दुसऱ्याला पिशवीचं बूच उडालं.

पाणी पँटमधून खाली, बुटापर्यंत! मागे थांबलेल्या म्हाताऱ्या गोऱ्याने एकदा पँटकडे पाहिलं, एकदा मेल्विनकडे, आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "थंडीत होतं असं, मेट."

त्यानंतर महिनाभर मेल्विन दुसऱ्याच मैदानावर जात होता.

*

काकांचं प्रकरण मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी लांबून बॉल अलगद होलमध्ये घातला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काका बॉल उचलायला ऐटीत वाकले आणि तसेच राहिले. लोकांना वाटतं पाठ फटका मारताना जाते. छे! कित्येकांची तो बॉल उचलतानाच जाते. थंडीत अंग आखडलेलं असतं, आणि माणूस गुडघे न वाकवता कमरेतून खाली जातो.

मागचे खेळाडू ओरडले, "यू राइट, मेट?"

काका जमिनीकडे बघत म्हणाले, "नो वरीज!"

त्याच अवस्थेत त्यांना माझ्याकडे आणलं. सोबत मंगलकाकू. नंतर कित्येक दिवस काकूंनी त्यांना धरून धरून बाथरूमला नेलं, आणि त्यात त्यांचा स्वतःचा खांदा दुखावला. मग एक दिवस माझ्यासमोर त्यांनी जाहीर केलं, "वैदेही, तू साक्षीला आहेस. ह्यांची पाठ परत धरली ना, तर गोल्फची बॅग दुसऱ्या दिवशी घराबाहेर! मला नाही झेपत आता."

त्या उगाच बोलणाऱ्या बाई नाहीत. त्या बाहेर गेल्यावर काका भोकातून हळूच म्हणाले, "शनिवार गेला तर माझ्याकडे राहतं काय गं?"

मला वाईट वाटलं. पण मी कोपराने दाबत राहिले. कामच ते.

*

या वर्षी थंडी सुरू व्हायच्या आत मी तिघांना बोलावलं आणि वाकायला शिकवलं. एका हाताने काठीचा किंवा खुर्चीचा आधार घ्यायचा, एका पायावर उभं राहायचं, आणि खाली जाताना दुसरा पाय मागे सरळ उचलायचा. पाठ ताठ राहते, कमरेवर ताण येत नाही.

काका म्हणाले, "अगं, बगळा झालाय माझा!"

"बगळ्याची पाठ दुखलेली ऐकलीये कधी?"

नियम ठरला. पाय मागे न घेता जो वाकेल, त्याने सगळ्यांना कॉफी पाजायची. कॉफी पाजणं जिवावर येतं म्हणून तिघांनी सवयच लावून घेतली. सतीशने ऑपरेशन थिएटरच्या बाहेर पडलेलं पेन तसंच उचललं. नर्सने विचारलं, "डॉक्टर, आर यू ओके?" मेल्विनच्या हातून चर्चमध्ये पुस्तक पडलं, त्याने ते तसंच उचललं, आणि मागच्या बाकावरच्या बाईंना लाथ बसली!

जून गेला, जुलै गेला. काकांची पाठ शाबूत. काकू मात्र लक्ष ठेवून होत्या.

*

ऑगस्टमध्ये काकूंच्या आई साताऱ्याहून आल्या. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या, नऊवारी, वर मुलीचं जाडजूड जॅकेट. त्या शनिवारी रात्री काकूंनी आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं.

मी पोचले तर काकांनी मला दारातच गाठलं. "सकाळी ओल्या गवतावर पाय घसरला. पाठ जरा बोलतेय. मंगलला सांगू नकोस."

मी काही विचारायच्या आत आतून काकूंची हाक आली, "अहो, समई लावलीये. आईच्या पाया पडा, आणि मग पानं घेते."

आजी खुर्चीत बसल्या होत्या. काका समोर उभे राहिले. काकू हातात भाताचं पातेलं घेऊन तिथेच थांबल्या. मी काकांच्या कमरेकडे बघत होते. सतीश आणि मेल्विनही तिकडेच बघत होते.

काकांनी खुर्चीच्या हाताला धरलं. डावा पाय मागे गेला, वर आला, सरळ झाला. काका खाली गेले, आजींच्या पावलांना हात लावला आणि सावकाश वर आले. उभे राहिले. हसले.

आजींनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. "औक्षवंत व्हा, प्रभाकरराव. पाय जपून, मागे समई आहे."

मग सतीश पुढे झाला. पाय मागे. मग मेल्विन. त्याला कोणी सांगितलं नव्हतं, पण रांगेत होता. त्याचाही पाय मागे.

आजींनी तिघांनाही आशीर्वाद दिला. मग मुलीकडे वळून हळूच विचारलं, "मंगल, इकडे सगळे असाच नमस्कार करतात का गं?"

काकूंनी एकदा काकांकडे पाहिलं. मग पातेलं टेबलावर ठेवलं.

"हो आई. थंडीत."